आधी सदरा, मग चिलखत

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिएनॅक्टमेंटच्या, म्हणजे जुना काळ कपडे-चिलखतासकट पुन्हा उभा करणाऱ्या, गटात नुकताच प्रवेश झालाय, चौदाव्या शतकातला उत्तर युरोपातला पायदळाचा शिपाई उभा करायचाय. कड्यांचं चिलखत घेऊन झालं, शिरस्त्राण पसंत करून ठेवलंय. आता आत काय घालायचं, यातलं स्वतःच्या हातानं काय बनवता येईल, आणि एवढं लोखंड अंगावर घेऊन दिवसभर उभं राहणं जमतं का?

खरेदी उलट्या टोकाकडून सुरू झाली आहे. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक जण तशीच करतात. वीसेक वर्षांपूर्वी मीही पहिला पैसा शिरस्त्राणावर घातला आणि दुसरा चिलखतावर. आत होता जाड टी-शर्ट. दुपारपर्यंत मजा वाटली. संध्याकाळी चिलखत उतरवलं तेव्हा दोन्ही खांद्यांवर कड्यांची नक्षी उठली होती, मान आखडली होती आणि बगलेत जिथे कातडी चिमटली होती तिथे रक्त साकळलं होतं. चिलखताला दोष देण्यात अर्थ नव्हता. लोखंड कपड्यावर बसतं, आणि कपडा नीट बेतलेला असेल तरच माणसाला ते पेलतं. म्हणून उत्तर कातडीपासून बाहेर येत येत देतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: साल आणि प्रदेश. ‘मध्ययुगीन’ हा शब्द हजार वर्षांना पुरतो, त्यावरून एक बाहीसुद्धा बेतता येत नाही. तुमच्या बाबतीत निवड सोपी आहे, कारण १३६० च्या आसपासच्या उत्तर युरोपाइतका पुरावा फार थोड्या काळांना लाभलाय. २७ जुलै १३६१ रोजी गॉटलंड बेटावर विस्बी शहराच्या तटाबाहेर डॅनिश राजाच्या सैन्यानं तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. प्रेतं मोठ्या खड्ड्यांत पुरली गेली, त्यातली बरीचशी अंगावरच्या चिलखतासकट. ऐन उन्हाळ्यात एवढी प्रेतं सोलत बसायला कुणाला सवड नसावी, असं अभ्यासक मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खड्डे उकरले गेले तेव्हा हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे, कड्यांच्या टोप्या आणि पंचवीसच्या आसपास ‘कोट ऑफ प्लेट्स’, म्हणजे आतून लोखंडी पत्रे जडवलेले अंगरखे, हाती आले. सामान्य माणूस प्रत्यक्षात काय घालून लढायला गेला, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. हाडांवरचे घाव बघाल तर पायांवर किती वार झालेत तेही दिसतं. पायांना संरक्षण नसलं की काय होतं ते तिथे लिहून ठेवल्यासारखं आहे.

कपड्यांसाठी दोन जागा. स्वीडनमध्ये वार्बर्गजवळच्या दलदलीत १९३६ साली सापडलेला ‘बॉक्स्टेनचा माणूस’: अंगरखा, झगा, पायमोजे, टोपडं, सगळं अंगावर. त्या टोपड्याच्या मागे नव्वद सेंटिमीटर लांबीची बारीक शेपटी आहे, लोकांना ती थट्टा वाटते. तेव्हाची ती फॅशन होती. दुसरी जागा ग्रीनलंडमधलं हेरयोल्फ्सनेस. तिथल्या दफनभूमीतून १९२१ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी गोठलेल्या मातीतून लोकरी कपडे काढले, प्रेतांना गुंडाळलेले. झगे, टोपडी, मोजे, शिवणीसकट. या दोन ठिकाणच्या कपड्यांचे नमुने बेतून घेतले की तुमचा शिपाई अर्धा उभा राहिला.

हे कपडे संग्रहालयात तपकिरी दिसतात. त्यावरून ‘गरीब माणूस मातकट रंगातच वावरायचा’ असा समज पसरला आणि नवखा माणूस हमखास गोणपाटासारखं कापड घेऊन येतो. तो तपकिरी रंग मातीनं आणि दलदलीनं दिलेला आहे. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून लाल, वोड नावाच्या झाडाच्या पाल्यापासून निळा, वेल्डपासून पिवळा, आणि निळ्यावर पिवळा चढवून हिरवा, हे रंग साध्या माणसालाही परवडायचे. महाग होता तो केर्मीस किड्यापासूनचा गर्द किरमिजी आणि चांगला काळा. तेव्हा शिपायाला फिकट लाल किंवा फिकट निळा अंगरखा बिनधास्त द्या.

आणखी एक भूत उतरवतो. खिळे ठोकलेलं चामड्याचं चिलखत, जे खेळांत आणि सिनेमांत सर्रास दिसतं, ते शोधू नका. जुन्या चित्रांत आणि समाधींवरच्या पुतळ्यांत कापडावर खिळ्यांच्या रांगा दिसतात खऱ्या. पण ती आतल्या पत्र्यांच्या रिव्हेटांची, म्हणजे पत्रा पकडायला ठोकलेल्या खिळ्यांची, डोकी आहेत. पत्रा आत, कापड बाहेर. चित्र वाचताना नुसतं वरवर पाहिलं की असा घोटाळा होतो.

आता कातडीपासून. सगळ्यात आत लिननचा सदरा आणि ब्रेज, म्हणजे सैलसर लिननची चड्डी. सदऱ्याची बेतणी म्हणजे आयत, चौकोन आणि त्रिकोण, कापड वाया जात नाही. बगलेत चौकोनी चौबगला घाला, नाहीतर हात वर केल्याबरोबर सदरा कमरेतून वर येतो किंवा बगलेत फाटतो. शिवण दुमडून दाबून शिवायची, कारण हा कपडा सतत धुतला जाणार आणि आतली कड उघडी राहिली तर चिलखताखाली तीच कातडी सोलते. कापड बेतण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुवा. लिनन आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर वैताग येतो.

पायांत लोकरीचे होज, म्हणजे शिवलेले लांब पायमोजे, दोन पायांचे दोन वेगळे. हे उरेब बेतायचे. विणलेल्या लोकरी कापडाला तिरक्या दिशेनं जो ताण असतो, तोच इथे इलॅस्टिकचं काम करतो. सरळ बेतलेला होज गुडघ्यावर फुगतो आणि घोट्यावर गोळा होतो. वरचं टोक ब्रेजच्या नाडीला बांधायचं. ‘टाइट्स घालून चालतील का?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. चालणार नाहीत. लांबून दिसत नाही हे खरं, पण शेकोटीजवळ बसल्यावर ठिणगी पडली की लोकर काळी पडून विझते आणि सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. या कारणासाठी मी छावणीत सिंथेटिक आत येऊच देत नाही, ऐतिहासिक अचूकपणा राहिला बाजूला.

त्यावर लोकरीचा अंगरखा. इथे कापडाची निवड अर्धं काम करते. घट्ट मळलेली, म्हणजे विणल्यावर पाण्यात तुडवून आटवलेली लोकर घ्या. परीक्षा सोपी: कोपरा कातरून नखानं धागा ओढा. धागा सहज सुटला नाही तर कापड चांगलं, त्याची कड दुमडावीही लागत नाही. घेर येतो तो कळ्यांनी. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना कळ्या घाला. पुढच्या मधल्या कळीचं टोक चिरेत बसवताना तिथे हमखास सुरकुती पडते. टोकाशी शेवटचे चार टाके हातानं, बखिया घालून, घाई न करता घ्या.

गुंड्या हा माझा लाडका विषय, त्यामुळे जरा थांबतो. १३६० मध्ये बाहीवर आणि पुढे गुंड्यांची रांग असते, पण बाजारातल्या चार भोकांच्या बटणांशी त्यांचा काही संबंध नाही. अंगरख्याच्याच उरलेल्या लोकरीतून अडीच सेंटिमीटरचं वर्तुळ कापा. कडेनं धावदोरा घाला, ओढा, कड आत ढकला, पुन्हा ओढा. मग खालच्या बाजूनं आरपार टाके घेत घेत तो गोळा आवळत न्या, हरभऱ्याएवढा आणि दाबला तरी न दबणारा होईपर्यंत. पहिल्याला वीस मिनिटं लागतील, दहाव्याला पाच. शिवताना गुंडी कापडाच्या अगदी कडेवर बसवा, आत सरकवून नको. लंडनला सापडलेल्या चौदाव्या शतकातल्या कपड्यांच्या तुकड्यांवर गुंड्या अशाच कडेवर आहेत, आणि काजांच्या मागे रेशमाची अरुंद पट्टी लावलेली आहे. गुंडी कडेवर आली की दोन्ही बाजू एकमेकींना नीट भिडतात, बाही मनगटावर कातडीसारखी बसते. गर्दीत कोण मन लावून काम करतं ते मी याच एका गोष्टीवरून ओळखतो.

मशीन वापरायची का? वापरा, फक्त जी शिवण कधीच दिसणार नाही तिथे. गळा, बाहीची कड, काज, हेम हे हातानं, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्यानं. पहिल्याच वर्षी सगळं हातानं करायचा हट्ट धरणारे निम्म्यात सोडतात.

आता गॅम्बेसन, चिलखताखालचा टाचलेला जाड अंगरखा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून वेळ इथे घाला. वार कड्यांवर पडतो, कडी धार अडवते, पण हाड मोडणारा धक्का जिरवतो तो हा कपडा. चिलखताचं ओझंही हाच खांद्यांवर पसरवतो.

आत काय भरायचं याची चिंता तेव्हाच्या लोकांनाही होती. १३२२ मध्ये लंडनच्या चिलखत बनवणाऱ्यांसाठी जे नियम झाले, त्यांत रेशमी आवरणाच्या गॅम्बेसनात काय भरायचं आणि साध्या पांढऱ्यात काय, हे वेगवेगळं सांगितलंय. साध्यात जुनं लिनन आणि कापूस चालेल, पण बाहेरचं आणि आतलं कापड नवं हवं. म्हणजे आत चिंध्या कोंबून फसवणारे तेव्हाही होते. त्याच नियमांत जुन्या, मोडक्या शिरस्त्राणांवर नवं कापड चढवून ती विकणाऱ्यांनाही चाप लावलाय. पुढे पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या हुकुमात सैनिकांच्या जॅकसाठी, म्हणजे अशाच थरांच्या अंगरख्यासाठी, कापडाचे तीस, किमान पंचवीस थर आणि वर हरणाचं कातडं सांगितलंय, आणि कापड वापरून मऊ झालेलं असेल तर उत्तम असंही म्हटलंय. गोधडी शिवलेल्या हाताला यातली खुबी लगेच कळते: धुऊन धुऊन विरलेलं कापड थरावर थर नीट बसतं, वळतं, आणि घाम शोषतं.

दोन वाटा आहेत. चिलखताखाली घालायचं असेल तर कापसाची पातळ लादी किंवा जुन्या लिननचे आठ-दहा थर पुरतात. गॅम्बेसन हेच एकमेव संरक्षण असेल तर जाड, पंचवीस थरांच्या दिशेनं. तुमच्याकडे चिलखत आहे, म्हणून पातळ करा. नवखा माणूस गादीएवढा जाड करतो आणि मग त्याचे हात अंगापासून फुगून बाहेर राहतात. पॉलिएस्टरची लादी भरू नका, भले ती स्वस्त आणि हलकी असो. घाम ती शोषत नाही, उष्णता धरून ठेवते. माझ्या ओळखीतला एक जण अशाच गॅम्बेसनमध्ये चक्कर येऊन पडला आणि सगळ्या दिवसाचा कार्यक्रम रुग्णवाहिकेनं संपला.

टाचण्याच्या ओळी उभ्या, तीन-चार सेंटिमीटरवर. हे लक्षात असू द्या की टाचल्यावर कापड आक्रसतं, रुंदीला चांगलंच. माझं पहिलं गॅम्बेसन छातीवर बंदच झालं नाही. तेव्हापासून मी तुकडे बेततो, टाचतो, आणि मगच नमुना ठेवून अंतिम मापाला कापतो. आधी स्वस्त कापडात एक कच्चा नमुना शिवून, तो घालून, हात डोक्यावर न्या, पुढे वाका, खाली बसा.

आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई. सगळ्यांना वाटतं मुंढा मोठा आणि सैल ठेवला की हात मोकळा हलतो. होतं नेमकं उलटं. मुंढा सैल असला की हात उचलताना सगळा अंगरखा वर ओढला जातो, त्याबरोबर चिलखत आणि कमरपट्टाही. मुंढा वर, बगलेला भिडलेला असेल तर फक्त बाही हलते. १३६४ मध्ये ऑरेच्या लढाईत मारला गेलेला फ्रेंच सरदार ब्लोआचा शार्ल, त्याचा म्हणून जतन केलेला पुरप्वँ, म्हणजे टाचलेला घट्ट अंगरखा, लियोंच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. त्याच्या बाहीचा जोड छातीवर आणि पाठीवर खोल वर्तुळासारखा घुसलेला आहे. ती बेतणी शोभेसाठी केलेली नाही. एकदा शिवून पाहा, तलवार डोक्यावरून फिरवा, मग कळेल.

आता तुमचं चिलखत. वर्णनावरून कड्या नुसत्या जोडलेल्या, रिव्हेट न केलेल्या दिसतात. मैदानात शोभेला चालतील, पण टोकदार शस्त्राचा जोर बसला की कडी उघडते. अस्सल चिलखतात प्रत्येक मिटवलेली कडी रिव्हेट केलेली असते. एक कडी बनवून पाहा, बाकीच्यांबद्दल आदर आपोआप वाटेल. मऊ लोखंडी तार आठ मिलिमीटरच्या दांड्यावर गुंडाळायची, सर्पिल कापून वळी सोडवायची, टोकं एकमेकांवर चढवायची, तापवून लाल करून हळू थंड होऊ द्यायची. मग चढलेली टोकं हातोडीनं चपटी करायची. त्या चपट्या भागात बारीक सुळ्यानं फट पाडायची. ड्रिल चालत नाही, कारण ड्रिल धातू काढून टाकतं आणि सुळा नुसता बाजूला सारतो. बाजूला सरलेला धातूच पुढे रिव्हेटला घट्ट पकडतो. फटीत पत्र्याची इवलीशी पाचर घालायची, खालून निघालेलं टोक छाटायचं आणि जबड्यात खळगा असलेल्या पकडीनं दाबायचं. टक्. एक कडी. आता ती आधीच्या चार कड्यांत ओवलेली हवी होती हे आठवतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

अंगभर चिलखताला वीस ते तीस हजार कड्या लागतात. हात बसल्यावर मिनिटाला एक धरली तरी सव्वातीनशे ते पाचशे तास. म्हणून अख्खं चिलखत घरी बनवा असं मी कुणालाच सांगत नाही. रिव्हेट केलेलं तयार घ्या, आणि बगल, गळा, बाहीचा जोड एवढंच स्वतः उसवून अंगाच्या मापात पुन्हा विणा. तयार चिलखतं बहुतेक नळ्या जोडल्यासारखी येतात: धडाची एक नळी, बाहीच्या दोन. खऱ्या चिलखतात कड्या कमी-जास्त करून आकार दिलेला असतो. विणीची दिशाही पाहा: कड्यांचं जाळं एका दिशेनं पसरतं आणि दुसऱ्या दिशेनं आपोआप मिटतं. नीट लटकलं तर ते अंगावर मिटून बसतं; उलटं लटकलं तर पोटावर पिशवीसारखं सुटतं. सध्याचं तुमचं चिलखत फेकू नका. टोपीसाठी, दुरुस्ती शिकण्यासाठी उपयोगी पडेल.

घातल्यावर लगेच कमरेला पट्टा आवळा, मग पट्ट्याच्या वरचं चिलखत दोन्ही हातांनी थोडं वर ओढून पट्ट्यावर सोडा. अर्धं ओझं खांद्यांवरून कंबरेवर उतरतं. चिलखत दहा किलोच्या आसपास असतं. या एका हालचालीनं दिवस वाचतो. मला ती दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितली, पहिल्या वर्षीचे खांदे अजून आठवतात.

लोखंडाचं काम घरी करायचंच असेल तर विस्बीच्या धर्तीचा कोट ऑफ प्लेट्स करा. पहिल्या प्रयत्नासाठी याहून सोपं आणि उपयोगी काही नाही. पत्रे चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या अंगरख्याच्या आतून रिव्हेट करायचे, थोडे एकमेकांवर चढवून. काही मूळ नमुन्यांत मोजके मोठे पत्रे आहेत, काहींत शेकडो लहान. तुम्ही मोठ्यांपासून सुरू करा. साधा मऊ पोलादी पत्रा, सव्वा ते दीड मिलिमीटर. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात गोल डोक्याच्या हातोडीनं किंचित बाक द्यायचा, मग कडा कानशीनं गोल करायच्या. प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवा. अंगठ्याला लागली तर गॅम्बेसनला लागणारच. आधी सगळे तुकडे पुठ्ठ्यात कापून सदऱ्यावर चिकटवून बसून-उठून पाहा. पोटाचा पत्रा जास्त खाली गेला तर बसताना मांडीवर टेकून वरचा पत्रा हनुवटीखाली येतो.

एक इशारा: जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवू नका. जस्ताच्या धुरानं ताप, थंडी, छातीत जडपणा येतो. स्वस्तात मिळाला म्हणून लोक तो आणतात आणि बंद गॅरेजमध्ये भट्टीत घालतात.

शिरस्त्राण मात्र चांगल्या कारागिराकडून घ्या. एका पत्र्यातून खोल वाटी उचलणं हे वर्षांच्या सवयीचं काम आहे. तुम्ही त्याचं अस्तर करा, कारण अस्तराशिवाय शिरस्त्राण म्हणजे डोक्यावर उपडं घातलेलं पातेलं. लिननचं टाचलेलं अस्तर, चार-सहा पाकळ्यांचं, पाकळ्यांची टोकं नाडीनं ओढून डोक्याच्या उंचीवर जुळवायची. डोकं आणि पोलाद यांच्यात सगळीकडे बोटभर मोकळी जागा राहायला हवी, टाळूवर जास्त. ते कडेनं भोकांतून शिवून टाकायचं; गोंदानं चिकटवलं तर घामानं सुटतं आणि कुजतं. हनुवटीचा पट्टा घट्ट हवा.

पायांचं चिलखत पुढच्या वर्षी घ्याल, तेव्हा ते लटकवण्याचा प्रश्न येईल. नुसत्या कमरपट्ट्याला बांधलं की दोन तासांत कमरेवरून घसरतं. ते कमरेशी घट्ट बसणाऱ्या आतल्या अंगरख्याला दोऱ्यांनी बांधायचं. पंधराव्या शतकाच्या मध्याचं एक इंग्रजी हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. पायी लढणाऱ्याला चिलखत कसं चढवावं याची सविस्तर माहिती त्यात दिली आहे. दोरे धनुष्याच्या, म्हणजे क्रॉसबोच्या, प्रत्यंचेला वापरतात तसल्या बारीक सुतळीचे, मोच्याच्या मेणानं माखलेले, म्हणजे ते ताणलेही जाणार नाहीत आणि तुटणारही नाहीत. गुडघ्यांभोवती पातळ ब्लँकेटची पट्टी, घासू नये म्हणून. चढवण्याचा क्रम पायांपासून वर. तुमच्या शतकापेक्षा ते थोडं पुढचं आहे, पण ब्लँकेटची युक्ती मी लगेच उचलली.

दिवसभर जमतं का? जमतं, पण ताकदीपेक्षा सवयीवर. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या धर्तीच्या पूर्ण चिलखतात, तीस ते पन्नास किलोंच्या, माणसांना ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीच्या वर गेली. पायांवरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं हे एक कारण, आणि छातीचा पत्रा खोल श्वास घेऊ देत नाही हे दुसरं. तुमचा साज याच्या निम्म्याहून हलका आहे, पण श्वासाचं गणित तेच. म्हणून पहिल्या दिवशी वीस मिनिटं, घरीच, आरशासमोर. मग पाऊण तास फिरून या. मग शिरस्त्राणासकट. हंगाम सुरू व्हायच्या आत महिनाभर हे करा.

उन्हाळ्यात एकट्यानं चिलखत घालूच नका. बरोबर एक माणूस हवा, ज्याच्या हातात पाणी आहे आणि ज्याला तुमच्या गाठी सोडता येतात. बोलणं अडखळायला लागलं, घाम थांबला किंवा माणूस उगाच चिडायला लागला की शिरस्त्राण आधी उतरवायचं, मग गॅम्बेसन मोकळं करायचं. गाठ सुटत नसेल तर कापायची. दोरा पुन्हा वळता येतो. सगळ्या गाठी सुरगाठी असू द्या, ओल्या घामानं निरगाठ दगड होते.

गंजाबद्दल एवढंच: ज्या दिवशी घातलं त्याच रात्री पुसायचं, उद्यावर टाकायचं नाही. घामाचं मीठ एका रात्रीत डाग पाडतं. पत्र्यावर तेलाचा पातळ हात. कड्यांसाठी जुनी युक्ती अजून चालते, चिलखत कोरड्या वाळूसकट डब्यात घालून डबा अंगणभर लोळवायचा, मग झटकून तेलाच्या फडक्यात गुंडाळायचं. मुलांना हे काम फार आवडतं.

जोडे शेवटी, पण विसरू नका. तेव्हाचा जोडा उलटा शिवून मग सुलटा करतात, टाच नसते, तळवा एकाच चामड्याचा. ओल्या गवतावर तो साबणासारखा घसरतो. चालणं शिका: पाऊल सपाट, वजन पुढच्या चवड्यावर, पावलं लहान. आत लोकरीचा तळ घाला, कुणाला दिसत नाही.

या आठवड्यात पाच मीटर पांढरं लिनन घ्या, मध्यम जाडीचं. दोनदा गरम पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करून ठेवा. त्यातून दोन सदरे आणि एक ब्रेज निघेल. पहिल्या सदऱ्याचा चौबगला उलटा बसेल, तो उसवून पुन्हा लावा. दुसऱ्याचा नीट बसेल.